डावा कोपरा रिकामा आहे

दोस्तांनो, आज एक कोडं घालते. कबड्डीचा संघ आहे. सात खेळाडू मैदानात, दोघं बाहेर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते आणि कळतं, की डाव्या कोपऱ्यात खेळणारा मुलगा आता येणार नाही. वडिलांचं मुंबईतलं काम पक्कं झालं, खोली मिळाली, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन सगळं घरच गेलं. केंद्राच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. तिथे जिंकलं तर बीट, मग तालुका. आणि डावा कोपरा रिकामा. कोणाला उभं कराल?

हे कोडं मी घरी बसून रचलेलं नाही बरं का. आमच्या उमरठच्या शाळेत ते खरंच येऊन पडलंय. पोलादपूर तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, जूनमध्ये नाहीतर दिवाळीनंतर एखादा बाक रिकामा होतोच. डोंगरातली गावं, पावसाळ्यात भातशेती आणि उरलेलं वर्ष मुंबई, असं इथल्या कितीतरी घरांचं चाललेलं असतं. त्यामुळे कुणीतरी जाणं आमच्या मुलांना नवीन नाही. पण बाक रिकामा राहिला तरी वर्ग चालतो. कोपरा रिकामा ठेवून कबड्डी कशी खेळणार?

मुलांनी उपाय मात्र झटपट सुचवले. "बाई, सोप्पं आहे," कप्तान म्हणाला, "आपल्यात सगळ्यात दांडगा कोण? त्याला लावू कॉर्नरला." दुसरा म्हणाला, "कव्हरवाल्याला सरकवू या. त्याला पकड येते." तिसऱ्यानं शेजारच्या वाडीतल्या एका मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा आमच्या शाळेतच नाही, ही अडचण त्याला फारशी मोठी वाटत नव्हती! बाहेर बसणाऱ्या दोघांचं नाव कुणीच घेतलं नाही. ते दोघंही तिथेच होते. एक जण पाण्याच्या बाटल्या भरत होता.

तुम्ही उत्तर द्यायच्या आधी कोपरा म्हणजे काय ते नीट बघू या. खडू घ्या आणि अंगणात अर्धं मैदान आखा. मोठ्या पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. म्हणजे एका संघाच्या वाट्याला लांबीचे साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. आता वजाबाकी करा. बोनस रेषेच्या मागे किती उरलं? पावणेदोन मीटर! तुमच्या घरातल्या दरवाजाच्या उंचीपेक्षाही कमी. त्या एवढ्याशा पट्ट्यात, अगदी कडेला, आपला कोपऱ्यातला गडी उभा असतो. लहान मुलांच्या मैदानाची मापं कमी असतात, पण रचना अशीच.

डावीकडून मोजत चला. पहिला कोपरा, त्याच्या शेजारी इन, मग कव्हर, मधोमध सेंटर. पुढे तेच उलट क्रमानं: कव्हर, इन आणि उजवा कोपरा. झाले सात. वर्तमानपत्रात तुम्ही कोपरारक्षक, मध्यरक्षक असे भारदस्त शब्द वाचाल. मैदानावर मात्र सगळे कॉर्नर आणि कव्हरच म्हणतात. इनच्या जागी बहुतेक वेळा चढाई करणारी मुलं उभी असतात, कारण आपल्या चढाईची पाळी आली की त्यांनाच जायचं असतं. पकडीची खरी मदार दोन कोपरे आणि दोन कव्हर अशा चौघांवर.

यातही डावा कोपरा का महत्त्वाचा? जरा उभे राहून बघा. समोरून चढाई करायला आलेला मुलगा उजव्या हातापायाचा असेल, तर तो बहुधा त्याच्या उजव्या बाजूला हात मारतो, पाय टाकतो. त्याची उजवी बाजू म्हणजे आपली डावी. बहुतेक माणसं उजव्या हाताचीच असतात. म्हणजे येणाऱ्या दहा जणांतल्या बऱ्याच जणांची पहिली गाठ डाव्या कोपऱ्याशी पडते. तो काय करतो? काहीच करत नाही. म्हणजे तसं दिसतं! वाकून उभा राहतो, इनचा हात धरून साखळी करतो आणि वाट बघतो. समोरचा बोनस रेषेकडे पाय टाकायला लागला, किंवा वळून परत निघाला, की त्या अर्ध्या क्षणात घोटा धरायचा. धरला की सोडायचा नाही. मग कव्हर धावत येतो, समोरून अडवतो, बाकीचे कोसळतात आणि शिट्टी वाजते. कोपऱ्यानं सुरू करायचं, कव्हरनं पुरं करायचं. ही दोघांची कामगिरी असते, पण टाळ्या बहुतेक वेळा वर पडलेल्यालाच मिळतात, कारण खाली घोटा धरून पडलेला दिसतच नाही.

आणि त्यानं घाई केली तर? समोरचा त्याच्या पाठीवरून उडी मारून जातो, एक गुण घेतो. आपला कोपरा बाद होऊन बाहेर. पुढच्या चढाईला ती बाजू उघडी.

अशी न दिसणारी जागा इतर खेळांतही असते. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट अंड्यासारखा चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पुढे पाच धिप्पाड गडी रांगेत उभे असतात. मधला एक चेंडू मागे देतो, उरलेल्या चौघांचा चेंडूला हातही क्वचितच लागतो. त्यांचं काम एकच, समोरून धावून येणाऱ्यांना थोपवून धरायचं. फेकणारा उजव्या हाताचा असला, की फेकताना त्याची पाठ डावीकडे वळते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती बाजू सांभाळणारा असतो रांगेतला डावा टॅकल. १८ नोव्हेंबर १९८५ च्या एका सामन्यात वॉशिंग्टनच्या संघाचा नेहमीचा डावा टॅकल दुखापतीमुळे बाहेर बसला होता. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरनं वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला पाडलं. थाइसमनचा पाय मोडला आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही. नेहमीचा गडी असता तर हे टळलं असतं का, ते कोण सांगणार? पण आज त्या खेळात डावा टॅकल हा महागड्या खेळाडूंमध्ये गणला जातो. त्यातला एखादा जखमी झाला किंवा संघ सोडून गेला, की तिथले मोठमोठे प्रशिक्षकही आमच्या मुलांसारखीच डोकी खाजवतात. शेजारच्याला सरकवू? राखीव खेळाडू घालू? की पैसे मोजून बाहेरून आणू?

बाहेरून आणण्याचं आधी बघू, कारण तुम्हा सगळ्यांच्या मनात तेच असणार. टीव्हीवर प्रो कबड्डी बघता ना! आणि याचं एक सुरेख उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे.

२०२२ च्या हंगामात पुणेरी पलटणच्या डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता. संघाचा कप्तानही तोच. पलटण अंतिम फेरीत पोचली, पण १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. पुढच्या लिलावात, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, फझल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. डावा कोपरा रिकामा! पलटणनं काय केलं? इराणचाच दुसरा खेळाडू महंमदरझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. परदेशी खेळाडूला तोपर्यंत एवढी रक्कम कधीच मिळाली नव्हती. शादलुईनं त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, सगळ्या खेळाडूंत सर्वांत जास्त. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं.

"बघा बाई, आणला की नाही बाहेरून!" असं तुम्ही म्हणणार. थांबा. शादलुई आला तेव्हा त्याच्या बाजूला कोण होतं ते बघा. कप्तान अस्लम इनामदार, आपल्याच महाराष्ट्राचा. मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री. यातली बरीच मुलं आदल्या हंगामातही एकत्र खेळलेली. कोणाचा हात कधी सुटतो, कोण कधी पुढे सरकतो, हे त्यांना पाठ झालं होतं. नवीन गडी आला तो रचलेल्या भिंतीत आला. एकच चिरा बसवायचा होता. मला विचाराल तर ते २ कोटी ३५ लाख सार्थकी लागले ते या बाकीच्यांमुळे.

आता पुढची गंमत ऐका. शादलुई पुढच्या वर्षी पलटणकडे राहिला नाही. तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. तेही पुण्यात, बालेवाडीला! आणि गतविजेती पलटण? पहिल्या सहांतही आली नाही. एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, की कोपरा गेला की संघ संपला. पण २०२५ मध्ये शादलुई नसतानाच पलटण परत अंतिम फेरीत आली. दिल्लीकडून तीन गुणांनी हरली ती गोष्ट वेगळी. आणि त्या दिल्लीच्या संघात कोण होतं माहीत आहे? तोच आपला जुना फझल अत्राचली! कबड्डीत माणसं अशी फिरून फिरून भेटतात.

आमच्या शाळेकडे २ कोटी नाहीत हे सांगायला नको. शिवाय शालेय स्पर्धेत शाळेच्या पटावरचाच मुलगा चालतो. शेजारच्या वाडीतला कितीही चांगला असला तरी तो त्याच्या शाळेकडूनच खेळणार. गावच्या मंडळांचं वेगळं असतं. तिथे स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तर एखादा पाहुणा गडी घेतात. पण मी अशा सामन्यांत बऱ्याचदा पाहिलंय, पाहुणा झकास पकड धरतो आणि शेजारच्याला पत्ताच नसतो. तो कव्हर उभा राहून बघत बसतो. एकटा माणूस घोटा धरून किती वेळ राहणार? समोरचा फरफटत मध्यरेषेला हात लावतो.

मग दांडग्या मुलाचं काय? आमच्यातला सगळ्यात दांडगा मुलगा सेंटरला उभा राहतो आणि चढाईलाही जातो. त्याला कोपऱ्यात घातला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तो चढाई करून धापा टाकत येणार आणि लगेच वाकून घोट्यावर नजर ठेवणार. दुसरी म्हणजे त्याला पुढे जायची सवय. कोपऱ्याला हवी थांबायची सवय. एक दिवस करून बघितलं. सहा चढायांत चार वेळा तो आधीच झेपावला. मुलं हसली, तोही हसला, आणि परत सेंटरला गेला.

कव्हरला सरकवण्याचा उपाय मात्र मला वाटला होता तेवढा वाईट नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. त्याला पकड येते, तो घाबरत नाही, कोपऱ्यात दोन दिवस बरा खेळला. पण मग कव्हरला कोण? तिथे इनवाल्याला घातला. मग इनला? अशी एका जागेसाठी तीन मुलं हलली आणि तिघंही जरा जरा चुकू लागली. तुम्ही शेतावर जाता ना? पावसात बांध फुटला तर शेजारच्या बांधाची माती काढून तो बुजवतं का कुणी? आमच्याकडची आजीसुद्धा ओरडेल, "अरे, तिकडनं पाणी जाईल की!" माती वेगळीकडून आणावी लागते. एखाद्या सामन्यात, दहा मिनिटांसाठी, कोणी बाद झालं तर कव्हर सरकतो आणि त्यानं सरकावंच. पण सगळ्या हंगामासाठी एक जागा भरायला दोन मोडायच्या, हा हिशेब मला काही पटत नाही.

उरले बाहेर बसलेले दोघं.

इथे मला आमच्या गावची गोष्ट सांगायला हवी. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची आणि शेलारमामांची समाधी इथे आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्याची लढाई तुम्ही सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलीय. आमची मुलं तर ती झोपेतही सांगतील. तानाजी पडले, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीनं कड्याचे दोर कापले असं सांगतात. पण सूर्याजी त्या आधी कुठे होता? कथेप्रमाणे तो थोडे मावळे घेऊन कल्याण दरवाजाच्या बाजूला थांबला होता. आत गडबड सुरू आहे, आरोळ्या ऐकू येताहेत आणि हा बाहेर थांबलेला! आजच्या भाषेत राखीव. पण बेत काय आहे, कोणी कुठून चढायचं, दरवाजा केव्हा उघडणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून आत आल्यावर त्याला विचारत बसावं लागलं नाही. मी ही गोष्ट वर्गात काढली तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरणारा मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघत होता. असो.

तर राखीव खेळाडू म्हणजे नुसता उरलेला मुलगा असतो का? मोठ्या शाळांत निवड होते. चाळीसातून बारा, बारातून सात. आमच्यासारख्या लहान शाळेत निवड कसली? पाचवी ते सातवीचे मुलगे मिळून नऊ. सात खेळणार, दोन बसणार, झाली निवड. जे बसतात त्यांच्याबद्दल कुणी फारसा विचार करत नाही. सराव सुरू झाला की सात जण मैदानात आणि हे दोघं गुण मोजायला. वर्षभर असंच. मग एक दिवस जागा रिकामी होते आणि सगळे म्हणतात, "त्याला काय येतं?" कधी खेळवला असेल तर येणार ना!

म्हणून आम्ही एक युक्ती केली. तुम्हीही करून बघा. एक वही घेतली. दोघांनाही चार-चार दिवस डाव्या कोपऱ्यात उभं केलं. प्रत्येक चढाईनंतर तीनच गोष्टी लिहायच्या. एक, आधी झेपावला की वेळेवर. दोन, धरलेला घोटा सुटला की राहिला. तीन, कव्हर मदतीला पोचला की नाही. लिहायचं काम इन आणि कव्हरच्या मुलांचं, कारण हात त्यांनाच धरायचा आहे. 'चांगला', 'वाईट' असे शब्द लिहायचे नाहीत, नुसत्या खुणा. कप्ताननं पहिल्या दिवशी 'बेकार' असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.

आठ दिवसांनी खुणा मोजल्या. दोघांतला उंच मुलगा धरत होता छान, पण दर दोनांपैकी एकदा लवकर झेपावत होता. बाटलीवाला मुलगा, अंगानं किरकोळ, त्याच्या हातून घोटे सुटत होते. जवळजवळ निम्मे. पण तो लवकर झेपावला फक्त दोनदा. आठवड्यात दोनदा! आणि कव्हरच्या रकान्यात त्याच्या वेळी सगळ्यात जास्त 'पोचला' होते. कव्हरवाल्यालाच विचारलं, "का रे?" तो म्हणाला, "बाई, हा निघायच्या आधी माझ्याकडं बघतो." इन सांगू लागला, की तो हातही दाबतो.

हे त्याला कोणी शिकवलं? वर्षभर बाहेर बसून गुण मोजताना त्यानं पाहिलं होतं. कोणत्या शाळेचा कोणता मुलगा कोणता पाय आधी टाकतो हेसुद्धा त्याला माहीत निघालं. "तो ना, बोनसला जाताना आधी खाली बघतो," असं तो सहज म्हणाला आणि सगळे गप्प झाले. ही गोष्ट कप्तानालाही माहीत नव्हती.

पण भाबडेपणा नको. घोटा सुटतो म्हणजे सुटतो, आणि सामन्यात त्याचा एक गुण जातो. नजर चांगली आहे म्हणून समोरचा थांबत नाही. तर मग पकड शिकायला हवी. आमच्या मुलींच्या संघात सहावीतली एक मुलगी डाव्या कोपऱ्यात खेळते. तिच्या हातात आलेला पाय सुटत नाही. स्पर्धेत मुलगे आणि मुली वेगळे खेळतात, पण सरावाला कोण अडवतंय? तिला बोलावलं. "हातानं धरू नको," ती त्याला म्हणाली, "छातीशी ओढ." बघितलंत? मनगटाच्या जोरावर धरलेला पाय झटक्यानं निघतो. दोन्ही हातांची कडी करून घोटा छातीला लावला, खांदा गुडघ्यामागे टेकवला, की समोरच्याला सगळं अंग ओढावं लागतं. वजन कमी असलं तरी जमतं. हे करताना डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर गुडघा लागतो. ही सूचना मोठ्या अक्षरात वाचा! आणि घरी फरशीवर करून बघू नका. मऊ मातीवर, मोठं माणूस जवळ असताना.

पहिले दोन दिवस मुलं त्याला चिडवत होती, मुलीकडून शिकतो म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यानं कप्तानाचा पाय धरला आणि कप्तानाला मध्यरेषा काही गाठता आली नाही. चिडवणं आपोआप बंद झालं. एवढं मात्र सांगते, कप्तान मनाचा मोठा निघाला. उठला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, "परत धर."

आणखी एक बदल करावा लागला. आधीचा कोपरा उंच होता, लांब हाताचा. तो मागे उभा राहायचा आणि लांबून झेपावायचा. या मुलाचे हात आखूड. त्याला तिथेच उभा केला असता तर पोचलाच नसता. म्हणून त्याला अर्धं पाऊल पुढे घेतला आणि इनला थोडं आत. कव्हरनंही त्याप्रमाणे आपली जागा बदलली. जागा एकाची रिकामी झाली होती, पण ती भरताना बाजूच्या दोघांना थोडंथोडं सरकावं लागलं. हे पूर्वीच्या सरकण्यापेक्षा वेगळं, बरं का. कोणी आपलं काम सोडलं नाही, फक्त उभं राहायची जागा बदलली.

या सगळ्यात एक तक्रारही ऐकून घ्यावी लागली. दुसऱ्या राखीव मुलाची, म्हणजे त्या उंच मुलाची. "बाई, माझे घोटे कमी सुटले होते." खरं होतं त्याचं. वही समोर होती, खुणा त्यानंही मोजल्या होत्या. मी त्याला दोन्ही रकाने दाखवले. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला. न येण्याची भीती मला वाटली होती. तुमच्या संघातही असं कुणीतरी असेल. त्याच्याशी नीट बोला, उगाच 'तू पण छान खेळतोस' असं म्हणून त्याची बोळवण करू नका. त्याला कळतं.

केंद्राच्या स्पर्धा अजून व्हायच्या आहेत. बाटलीवाला मुलगा डाव्या कोपऱ्यात उभा राहणार हे ठरलंय. परवाच्या सरावात दहा चढायांत त्याचे तीन घोटे सुटले. पूर्वी पाच सुटायचे. पाण्याच्या बाटल्या आता सगळे पाळीपाळीनं भरतात.

आणि उंच मुलगा? त्याला आता मी गुण मोजायला बसवत नाही. सरावातल्या दर तीन चढायांनंतर उजव्या कोपऱ्यातला मुलगा बाहेर येतो आणि हा आत जातो. उजव्या कोपऱ्यातला मुलगा सातवीत आहे. जूनमध्ये तोही आमच्या शाळेतून जाणार.